बँडमास्तरचे गाल

पेठ रोड, नाशिक
२९ जानेवारी २०२५

भागी,

तुला फोन लावला की पल्लवी उचलते आणि म्हणते, आई आंघोळीला गेलीये. इगतपुरीच्या थंडीत इतक्या आंघोळी करणारी बाई मी पाहिलेली नाही. शेवटचा फोन केला तेव्हा तिने मलाच विचारलं, "बाबा, तोंडात पान आहे का?" मी हो म्हटलं. त्यानंतर फोन लावला नाही. म्हणून आता कागद घेतलाय. पाकीट फोडायला तरी आंघोळीतून बाहेर येशील.

शेजारच्या कुसाबाईने तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे. मास्तर कॉलेज रोडला एका जिन्यावरून तरण्या पोरीचा हात धरून उतरत होते. खरं आहे. उतरत होतो. संध्याकाळी तू विचारलंस, कुठे गेला होतात, तर मी म्हणालो दाताच्या डॉक्टरकडे. ते खोटं होतं. दात चांगले आहेत माझे. पण म्हणून दुसऱ्याच दिवशी, लेकीच्या बाळंतपणाला अजून वेळ असताना, बॅग भरून निघून जायचं? मी तालमीहून आलो तर दाराला कुलूप. चावी कुसाबाईकडे. म्हणजे जिने आग लावली तिच्याच दारात मला चावी मागायला उभं केलंस.

कोणी बाई नाही, भागी. माझं वय काय, माझा अवतार काय. तू तरी विचार करायचा.

आता ऐक काय आहे ते. डिसेंबरात गंगापूर रोडच्या त्या मोठ्या लग्नात दिनेशशेठच्या राजने वरून ड्रोन फिरवला आणि समोरूनही शूटिंग केलं. बँड आता बापाच्या हातातून त्याच्याच हातात आलाय. तो व्हिडिओ त्याने मोबाईलवर टाकला. मी सगळ्यांत पुढे, घोड्याच्या तोंडाशी, ट्रम्पेट वर धरून. फुंकताना गाल ताठ, आणि फुंक सोडली की दोन्ही बाजूंना लोंबतात, हनुवटीच्या खाली येतात. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. आरशात माणूस फुंकत नाही ना. जन्मभर त्या गालांत हवा भरली आणि सोडली. सैल पडायचेच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ट्रम्पेटवाल्या आजोबांना कोणीतरी खुर्ची द्या. त्याला हसणारे इतके, की राजने मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण पार्टी म्हणते पुढे फ्रेश चेहरा पाहिजे. तुम्ही मागच्या रांगेत या. किशोरला पुढे घेऊ."

"सूर काय चेहऱ्यातून निघतो का रे?"

"व्हिडिओत सूर नसतोच मास्तर. वरून गाणं लावतात."

किशोर चांगला वाजवतो, मीच तयार केलाय त्याला. पण कळवणहून आलो तेव्हापासून मी पुढे चालतोय. मागच्या रांगेतून मला नवरदेवाची पाठसुद्धा दिसणार नाही.

मग राजनेच उपाय काढला. त्याच्या ओळखीच्या एका मॅडमचा कॉलेज रोडला स्किनचा दवाखाना आहे. तिथे एक मशीन आलंय. कापाकापी नाही, टाके नाहीत. पल्लवीच्या पोटावर जेली लावून ते यंत्र फिरवतात ना, बाळ बघायला, तसल्याच लहरी. फक्त या जास्त जोराच्या. कातडीच्या आत एका जागी गरम करतात, मग आतलं सगळं आकसतं आणि वरची कातडी ओढली जाते. मॅडमना जाहिरातीला एक पुरुषमाणूस पाहिजे होता, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. त्यामुळे सगळं फुकट.

मॅडम सुरुवातीला येऊन गेल्या. मशीन चालवलं ते सृष्टी नावाच्या पोरीने. पांढऱ्या पेन्सिलीने माझ्या तोंडावर रेघा ओढल्या, टेलर कापडावर ओढतो तशा. मग टिक टिक टिक. वरून काही कळत नव्हतं, पण आत, जबड्याच्या हाडाला, कोणी तापलेली सुई टेकवावी तसं व्हायचं. मी विचारलं, अजून किती. ती म्हणे, झालंच काका. झालंच काका म्हणत तिने दोन्ही बाजू केल्या. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तिने जिन्यावरून हात धरून खाली आणलं. तेवढंच कुसाबाईला दिसलं.

तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. नाहीतर म्हणाली असतीस, वय झालं, आता सोडा तो बँड. तेच ऐकायचं नव्हतं.

आता कळलं ना? मग घरी ये, नाहीतर निदान माझ्यावरचा आळ काढ.

मोतीराम


नाशिक
११ फेब्रुवारी

भागी,

आता तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, असं पल्लवीने मेसेजमध्ये लिहिलंय. पुढे लिहिलंय, "बाबा, आई आता रागावलेली नाही, तुम्ही भाव खाताय." मी भाव खात नाही. फोन नीट चालत नाही. आवाज तुटतो. शिवाय लग्नं चालू आहेत, फोन पेटीत राहतो. हे जावईबापूंनाही सांग, त्यांना वाटायला नको सासरा माजलाय.

इथलं सगळं बरं आहे. मी पुढेच आहे. राजने मला नवा कोट शिवला, मरून रंगाचा, खांद्यावर सोनेरी झालर. गाल वर आलेत. थोडी सूजही असेल, पण दिसतात वर. दिनेशशेठ स्वतः म्हणाले, "मोतीराम, लग्नातला फोटो काढ पाहू तुझा, तसाच दिसतोस." लग्नात मी कसा दिसायचो ते तुलाच माहीत.

परवा आडगावच्या बाजूला वरात होती. नवरदेवाच्या मित्रांनी माझ्याबरोबर फोटो काढले. माझ्याबरोबर, भागी. आजवर आम्हाला फक्त बाजूला सरा म्हणायचे.

किशोर माझ्या मागेच असतो. अगदी जवळ, दुसऱ्या कोणाला मध्ये येऊ देत नाही. चांगला पोरगा आहे. त्याचं काही मनात नाही.

जेवणाचं विचारलं होतंस. जेवतो. डाळ भात खातो. भाकरी सध्या नको वाटते. चहा घरीच पितो, टपरीवर जात नाही. तिथे गर्दी असते.

दवाखान्यात पुन्हा जाऊन आलो. मॅडम बाहेर होत्या. सृष्टी म्हणाली, "येईल काका हळूहळू." काय येईल ते तुला नंतर सांगेन. काही विशेष नाही. रोज उठून त्या मॅडमची वाट बघत बाकावर बसायचं आणि समोर तरण्या बायका मोबाईल बघत बसलेल्या, याचा मला वैताग आलाय. एकीने मला विचारलं, "अंकल, तुम्ही कुणाला सोडायला आलात का?"

पल्लवीला जप. पाय सुजले असतील तर मीठ कमी दे. बाळंतपण झालं की कळव. मी लगेच निघेन.

मोतीराम


नाशिक
२६ फेब्रुवारी

भागी,

नात झाली. जावईबापूंच्या मेसेजवरून कळलं, फोटोही पाहिला. आणि मी आलो नाही.

तू जे लिहिलं आहेस पल्लवीच्या मोबाईलवरून, ते वाचलं. "लेक इकडे कळा देत होती आणि बाप नवा कोट घालून नाचत होता. आता येऊ नका." मला तेच लागलं. नाचत नव्हतो. स्टेशनवर गेलो होतो त्या दिवशी. तिकीट काढलं. गाडी आली, हीच का म्हणून मी विचारलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या पोराला माझ्यापासून पलीकडे ओढलं. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी गाडीत चढलो नाही. घरी आलो.

आता लपवून काही उपयोग नाही. माझं तोंड वाकडं झालंय.

म्हणजे लकवा नाही. घाबरू नकोस, आणि पल्लवीला सांगू नकोस. त्या मशीनची टिकटिक जबड्याच्या कडेला झाली, तिथून एक शीर जाते म्हणतात, खालचा ओठ हलवणारी. तिला चटका लागला. उजवीकडून खालचा ओठ मेल्यासारखा आहे. गप्प बसलो तर काही कळत नाही, उलट चेहरा छान ताणलेला दिसतो. बोललो किंवा हसलो की डावी बाजू खाली जाते आणि उजवी तशीच राहते. पाणी पिताना शर्ट ओला होतो. प आणि ब नीट निघत नाहीत. पल्लवीला पान वाटलं ते हेच. फोन म्हणून उचलत नाही. मग भाकरी का नको ते तुला सांगायला नकोच.

पण हे सगळं मी सोसलं असतं. ओठाशिवाय ट्रम्पेट वाजत नाही, भागी. फुंक कोपऱ्यातून निसटते. नळाला फडकं बांधावं तसा मी बोटाने ओठ दाबून धरून पाहिला. फुस्स होतं नुसतं. या माणसाला जन्मात दुसरं काही येत नाही आणि तेच गेलं.

पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मी राजला सांगितलं. वाटलं, म्हणेल घरी जा, बरे व्हा. त्याने काय केलं माहीत आहे? माझे गाल बघितले आणि म्हणाला, "फुंकू नका मास्तर. नुसतं धरा. किशोर मागून वाजवेल. लोकांना काय कळतंय."

"अरे, मी नुसता धरून उभा राहू?"

"बोटं हलवा ना. चेहरा एकदम मस्त दिसतोय तुमचा. बुकिंग तुमच्या व्हिडिओवर आलंय."

आणि मी उभा राहिलो. तुला खरं वाटणार नाही, पण राहिलो. मरून कोट घालून, घोड्याच्या पुढे, ट्रम्पेट तोंडाला लावून, गाल थोडे फुगवून. बोटं बरोबर चालवत होतो, एक सूर चुकवला नाही बोटांनी. आवाज मागून येत होता, किशोरचा. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने माझ्या खिशात नोट कोंबली, म्हणाला, "वा मास्तर, असं ऐकलं नव्हतं." मी मागे वळून किशोरकडे बघू शकलो नाही.

हे एकदा नाही झालं. प्रत्येक वेळी ठरवतो, आज नाही. आणि कोट घालतो. मागच्या रांगेत जायला लागू नये म्हणून एवढं सगळं केलं, आणि आता पुढे आहे तर आत काही नाही. राग कोणावर काढू तेच कळत नाही. राजवर काढावा तर त्याने हात धरून नेलं नव्हतं. त्या पोरीवर काढावा तर ती मला बघून रडकुंडीला येते. मॅडम भेटत नाहीत. भिंतीवर मात्र माझा फोटो लागलाय, आधी आणि नंतर. तोंड मिटलेलं.

तू म्हणालीस येऊ नका. बरं. नाही येत. अशा तोंडाने नातीसमोर यायचं नाही मला.

मोतीराम


नाशिक
१३ मार्च

भागी,

तू नाशिकला आलीस. दिंडोरी रोडच्या लॉन्सपर्यंत आलीस. कॉलेज रोडला गेलीस. आणि माझ्या दारात न येता परत गेलीस. हे कुठलं वागणं?

मला हे सगळं दुसऱ्यांकडून कळलं याचा जास्त राग येतोय. मिरवणूक संपल्यावर किशोर आला, ट्रम्पेट पुसत खाली मान घालून. म्हणाला, "मास्तर, वहिनी आल्या होत्या. उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभ्या होत्या."

"कधी?"

"पहिल्यापासून. तुम्ही सुरू केलं... म्हणजे मी सुरू केलं, आणि त्या लगेच माझ्याकडेच बघायला लागल्या. तुमच्याकडे नाहीच. मधे थांबलो तेव्हा आल्या. मला म्हणाल्या, किशोर, हा तुझा आवाज आहे, यांचा नाही. हे कधीपासून चाललंय? मी खोटं नाय बोललो."

म्हणजे तुझ्या एकटीच्या लक्षात आलं. इतकी वर्षं मला वाटायचं तू ऐकतच नाहीस. मी घरी रियाजाला बसलो की तू मिक्सर लावायचीस.

मग राजला काय बोललीस तेही कळलं. तो मला सांगत नव्हता, पण दोन वादक तिथेच उभे होते. "माझ्या माणसाचा बाहुला केलाय तुम्ही," म्हणालीस. राज म्हणाला, "काकू, मास्तरांच्या मर्जीनेच आहे." त्यावर तू म्हणालीस, "त्यांच्या मर्जीचं मी त्यांच्याशी बघते. तुमच्या मर्जीचं तुम्ही बोला." आणि निघालीस. माझ्याशी काय बघितलंस मग? मी तिथून शंभर पावलांवर होतो.

दवाखान्यातलं सृष्टीने फोन करून सांगितलं. मला वाटलं तू तिथे तमाशा केला असशील. ती म्हणते, नाही. बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसलीस आणि मॅडम आल्याशिवाय उठणार नाही म्हणालीस. ज्या मॅडम मला कधी भेटल्या नाहीत त्या तुला भेटल्या. तू म्हणालीस, "भिंतीवरचं तोंड आधी उतरवा. मग खरं तोंड कधी नीट होईल ते सांगा." त्यांनी फोटो उतरवला. मग त्यांनी सांगितलं म्हणे, शीर तुटलेली नाही, दुखावली आहे, बहुतेकांची काही महिन्यांत येते, मशीन त्या जागेवर इतकं खोल चालवायला नको होतं आणि आपण स्वतः तिथे थांबायला हवं होतं. हे त्या तुला म्हणाल्या. मला कोणी इतकं बोललं असतं तर मी इतका जळलो नसतो.

किशोरजवळ तू नसांच्या डॉक्टरचा पत्ता ठेवून गेलीस. काल गेलो. त्यांनी तोंडाचे व्यायाम दिलेत. आरशासमोर बसून प, फ, ब, भ, म म्हणायचं. त्यातलं भ मला सगळ्यांत जड जातं.

आता मी काय केलं ते सांगतो, तुला दुसऱ्यांकडून कळण्याआधी. रविवारी मखमलाबादची वरात होती. कोट घातला. घोडा सजला. राजने हात वर केला, सुरू करा. मी ट्रम्पेट तोंडाला लावला, बोटं ठेवली, आणि किशोरने मागून पहिला सूर काढला. माझी बोटं हललीच नाहीत. मी ट्रम्पेट खाली घेतला, मागे वळलो आणि म्हणालो, "किशोर, पुढे ये." तो येईना. मी त्याच्या दंडाला धरून त्याला माझ्या जागेवर आणला.

राज धावत आला. "मास्तर, काय करताय? पार्टीने व्हिडिओ बघून तुम्हाला मागितलंय."

"मग त्यांना व्हिडिओच लाव."

माझ्या तोंडून ते कसं निघालं ते तुला कळलं असेल, वाकडंतिकडं, अर्धं हवेत. पण त्याला कळलं. मी कोट काढून गाडीवर ठेवला आणि झांज घेतली. मिरवणूकभर मागच्या रांगेत झांज वाजवत चाललो. नवरदेवाची पाठ दिसली नाही. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. हात मात्र दुखले.

तू घरी का आली नाहीस ते मला सांग.

मोतीराम


नाशिक
१६ एप्रिल

भागी,

बारशाला तू बोलावलंस म्हणून आलो. परत आल्यावर सगळं डोक्यात फिरतंय, आणि समोर असलीस की तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

सगळ्यांसमोर तू तसं बोलायला नको होतंस. जावईबापूंच्या आत्याने मला बघितलं आणि हळूच विचारलं, "लकवा का हो?" मी उत्तर जुळवत होतो. तू जिलेबीचं ताट हातात घेऊन मधूनच म्हणालीस, "नाही. गाल ताणून घेतलेत. तरणं व्हायचं होतं." मग आत्या हसल्या, मग सगळेच. मला वाटलं जमीन फाटावी. आणि मग त्या आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि स्वतःच्या गळ्याची कातडी दोन बोटांत धरून म्हणाल्या, "याचं होतं का हो काही? दुखतं का फार?" दिवसभर सगळ्या बायका मला तेच विचारत होत्या. लकवा कोणी म्हटलं नाही. ते तू मुद्दाम केलंस की रागाने, मला अजून कळत नाही.

दुपारी सगळे पांगल्यावर तू नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होतीस. मी दारात उभा होतो. तू वर न बघता म्हणालीस, "बसा इथे." बसलो. तेव्हा तू जे बोललीस ते मी गाडीत सगळ्या वाटेने आठवत आलो.

"मला वाटलं बाई आहे," म्हणालीस. "बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ह्या गालांशी मी काय भांडू?"

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"कधी? तोंड सरळ झाल्यावर? पोरीला कळा येत होत्या आणि मी फोन करत होते, आणि तुम्ही फोन हातात धरून बसला होतात. तुमचं तोंड वाकडं झालं म्हणून मी काय तुम्हाला ओळखणार नव्हते का? घरी का नाही आले विचारता. त्या दिवशी घरी आले असते तर तुम्ही दार उघडलं असतं का?"

मी तेलाची वाटी तुझ्या हाताशी सरकवली.

मग नात झोपली. तिला तू बाजूला ठेवलंस, आणि हाताला तेल होतं ते पुसायचं सोडून माझी हनुवटी धरलीस. जावईबापू आत आले होते, पल्लवी होती. तू त्यांच्यासमोर माझ्या गालावर अंगठा फिरवायला लागलीस, कानाकडून ओठाकडे, ओठाकडून कानाकडे. लग्नापासून आजवर तू मला चारचौघांत हात लावलेला नाहीस. जावईबापू मोबाईल बघायला लागले. तू रागाने चोळत होतीस. दुखत होतं. पल्लवी म्हणाली, "आई, हळू." तू म्हणालीस, "ह्यांना हळू कळत नाही."

तुझं म्हणणं, पल्लवीची सुट्टी संपेपर्यंत तू तिथेच राहणार. राहा. मी अडवत नाही. पण बँड सोडून मी इगतपुरीला येऊन राहावं हे होणार नाही, हे मी तुला तिथेच सांगितलं आणि पुन्हा सांगतो. मी मागच्या रांगेत चालेन. राजने मला ठेवलंय, कारण किशोरने सांगितलं मास्तर नाहीत तर मी नाही. त्याचंही मला वाईट वाटतं. शिकवलेल्या पोराच्या जिवावर टिकायचं. पण सध्या तसं आहे. नव्या तीन पोरांना मी सकाळी सूर शिकवतो, तोंडाने सांगता येत नाही तिथे बोटाने सांगतो.

आणखी एक सांगतो, म्हणजे तुला माझा वैताग कळेल. गाल खरंच वर गेलेत. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. जबड्याची रेघ दिसते. दाढी करताना वस्तरा कुठे अडकत नाही. मशीनने आपलं काम चोख केलं आणि माझं मोडून ठेवलं. सकाळी आरशात हा घट्ट गालांचा माणूस बघतो आणि त्याच्यावर चिडतो. नसांचे डॉक्टर म्हणतात ओठ निम्म्याच्या वर आलाय, उरलेला येईल. कधी, ते सांगत नाहीत. चहा आता सांडत नाही. भाकरी खातो, दूध घालून.

आज सकाळी गच्चीवर गेलो. ट्रम्पेट बरोबर नेला होता, वाजवायला नाही, पुसायला. पुसून झाल्यावर तोंडाला लावला. आधी नुसती हवा. मग पुन्हा हवा. मी शिवी दिली, ती मात्र अगदी स्पष्ट निघाली. मग ओठ घट्ट मिटले आणि दिली फुंक.

एक सूर लागला. फाटका होता, रेड्यासारखा. टिकलाही नाही. पण समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली.

मोतीराम